भावाचं चर्च सुटलं, म्हणून तारणही सुटलं का?

पत्र:

"सलाम. माझं माहेर मिरजेचं, सासर बेळगावचं. गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ वारला. लहानपणी बाप्तिस्मा, पुढे दृढीकरण, तरुणपणी गायनवृंदात पहिल्या रांगेत. एका शिबिरात उभं राहून त्यानं साक्षही दिली होती. नंतर मंडळीतल्या जागेच्या भांडणाला कंटाळून चर्च सोडलं, मग दारू लागली, शेवटी लिव्हर गेलं. मातीच्या वेळी काकांनी 'माझ्या हातांतून त्यांना कोणी हिसकून घेणार नाही' हे वचन वाचलं आणि म्हणाले, एकदा तारला तो कायमचा तारला, रडू नका. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, त्यानं वाट सोडली, असल्यांना परत पश्चात्ताप नाही, इब्री लोकांस पत्र सहावा अध्याय वाच. माझा सोळा वर्षांचा मुलगा म्हणतो, 'मामा वाचला तर मी पण वाचलोच की. मग रविवारी उठवूलीस कशाला?' मला स्वतःला झोप नाही. रोज रात्री प्रभूला नव्यानं स्वीकारण्याची प्रार्थना करते, कधी दोनदा-तीनदा. कन्व्हेन्शनमध्ये 'ख्रिस्ताला स्वीकारणारे पुढे या' अशी हाक आली की दर वेळी पुढे जाते. तारण एकदा मिळालं की जातं का, जात नाही का? पुढच्या महिन्यात भावाला वर्ष होतं, घरी एक प्रार्थना ठेवावी वाटते, सासूबाई नको म्हणतात. जाता जाता लिहिते, दवाखान्यात आदल्या दिवशी तो म्हणाला, 'ताई, प्रभूची प्रार्थना म्हण.' मी म्हटली. त्याचे ओठ हलत होते. ह्याला काही अर्थ आहे का? — एक भगिनी, बेळगाव"

उत्तर:

ताई, सलाम.

पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही 'जाता जाता' लिहिलीत. तिच्याकडे येतोच. आधी काका आणि सासूबाई यांच्यामधून तुम्हाला बाहेर काढू या.

माहेर मिरज आणि सासर बेळगाव म्हटल्यावर अर्धं उत्तर तिथेच मिळतं. कोल्हापुरात १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी आले आणि ते काम पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. मिरजेचं वान्लेस साहेबांचं हॉस्पिटल त्याच मिशनचं. बेळगावात लंडन मिशन १८२० पासून होतं. बाबा पद्मनजी इथेच जन्मले आणि याच मिशनच्या शाळेत शिकले. १९०४ मध्ये लंडन मिशननं आपलं इथलं काम मेथडिस्टांच्या हवाली केलं. म्हणजे कृष्णेच्या त्या अंगाला प्रेस्बिटेरियनांची, सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याच्या परंपरेतली शिकवण आणि या अंगाला मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची. खऱ्या विश्वासणाऱ्याला देव शेवटपर्यंत टिकवतोच, हे तिकडचं. विश्वास सोडून देणारा तारण, म्हणजे पापापासून मिळालेली सुटका, गमावू शकतो, हे इकडचं. कुडचीचा पूल ओलांडून तुम्ही सासरी आलात तेव्हा हा वाद तुमच्या सामानातूनच आला, तेव्हा कोणी बोललं नाही इतकंच. गंमत अशी की लंडन मिशनचे लोक बहुतेक काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी स्वतंत्र मानणारे), विचारानं कॅल्विनच्या जवळचे. सासूबाईंच्या घराण्यात १९०४ च्या आधीपासून ख्रिस्ती धर्म असेल, तर त्यांच्या पणजोबांनी बेळगावात जे ऐकलं ते बहुधा तुमच्या काकांच्या बाजूचं होतं. हे त्यांना सांगाच असं मी म्हणत नाही.

(खानापूरकडच्या आपल्या कॅथलिक शेजाऱ्यांचा हिशेब तिसराच आहे. ट्रेंटच्या धर्मसभेनं १५४७ मध्ये सांगितलं की गंभीर पापानं कृपा जाते. मग कुमसार, म्हणजे पापांची कबुली, करून ती परत मिळते. त्यात आज शिरत नाही.)

हा वाद फार जुना. हॉलंडमध्ये कॅल्विनच्या शिकवणीला विरोध करणाऱ्या आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमं मांडली. चार कलमांत ते ठाम बोलले. पाचव्यात, नेमका तुमचा प्रश्न आला तिथे, त्यांनी लिहिलं की याचा शास्त्रातून आणखी शोध घेतल्याशिवाय आम्ही खात्रीनं शिकवू शकत नाही. पुढे त्यांचंही मत पक्कं झालं आणि १६१८-१९ मध्ये डॉर्ट गावी भरलेल्या चर्चच्या सभेनं त्यांच्याविरुद्ध निकाल दिला, तो भाग वेगळा. मला ते पाचवं कलम आवडतं. ज्यांनी उभं आयुष्य ह्या प्रश्नात घातलं ते एकदा तरी थांबले. आपण मातीवरून येतो आणि हातपाय धुवायच्या आत निकाल देऊन मोकळे होतो.

आता काकांचं वचन. योहानाच्या दहाव्या अध्यायातलं अठ्ठाविसावं. ते खरं आहे आणि गोड आहे, पण काकांनी ते एक वचन उशिरा सुरू केलं. सत्ताविसाव्यात प्रभू सांगतो की त्याची मेंढरं त्याचा आवाज ऐकतात आणि त्याच्या मागे चालतात. ज्यांना कोणी हिसकून घेणार नाही ती ही मेंढरं. काकांच्याच परंपरेची १६४६ ची वेस्टमिन्स्टरची कबुली, म्हणजे आम्ही काय मानतो याचा लेखी मसुदा, घ्या. सतराव्या अध्यायात ती म्हणते की देवानं स्वीकारलेले लोक कायमचे गळून पडणार नाहीत. त्याच अध्यायात असंही आहे की ते घोर पापात पडू शकतात, काही काळ त्यातच राहू शकतात, आणि त्यामुळे देवाची नाराजी ओढवून घेतात, स्वतःचं समाधान घालवतात. शिबिरात एकदा हात वर केला की पुढचं सगळं माफ, असं त्यात एका अक्षरानं नाही. ते अलीकडचं स्वस्त रूप आहे. मोबाइलवरच्या प्रवचनांतून ते फार फिरतं, आणि मातीच्या वेळी तोंडात पटकन येतं, कारण समोर रडणारी माणसं असतात. काकांवर मी फार रागवू शकत नाही.

सासूबाईंनी इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय उघडला आणि सहाव्या वचनावर मिटला. आणखी तीनच वचनं वाचायची होती. नवव्यात तोच लेखक 'प्रियजनहो' म्हणून सांगतो की आम्ही असं बोलत असलो, तरी तुमच्याविषयी आम्हाला ह्याहून चांगल्या, तारणाला धरून असलेल्या गोष्टींची खात्री आहे. आणि तो कठोर इशारा कोणाला? जाणूनबुजून ख्रिस्तालाच नाकारून मागे फिरणाऱ्यांना. रविवार चुकवणारा किंवा बाटलीला हार गेलेला माणूस त्यात आपोआप बसत नाही. हे माझं म्हणणं नाही, सासूबाईंच्या वेस्लीचं आहे. माणूस कृपेतून पडू शकतो असं त्यानं १७५१ मध्ये स्पष्ट लिहिलं. पण १७७८ च्या आसपास, मागे पडलेल्यांना हाक देणाऱ्या प्रवचनात, त्यानं हाच इब्रीचा अध्याय हातात घेतला आणि सांगितलं की ज्यांनी ख्रिस्ताला उघडपणे, शब्दांनी नाकारलं त्यांच्याविषयी हे आहे. घसरलेले परत येऊ शकतात का? येतात, एक-दोन नव्हे, हजारो आले, असं तो म्हणतो. 'असल्यांना पश्चात्ताप नाही' हे वाक्य मेथडिस्ट नाही.

आता दोघांना शेजारी बसवा. तुमचा भाऊ विश्वासापासून खरंच तुटला होता असं क्षणभर धरू. काकांची मंडळी म्हणेल, मग त्याचा विश्वास मुळातच खरा नव्हता. योहानाच्या पहिल्या पत्रात आहे ना, 'ते आपल्यातून निघाले, पण आपले नव्हते'. सासूबाईंची मंडळी म्हणेल, खरा होता, पण गेला. हे भांडण मागच्या काळाला कोणतं नाव द्यायचं याचं आहे. जिवंत माणूस समोर असेल तर दोघंही त्याला एकच सांगतील, आज परत ये. आणि माणूस गेला असेल तर निकालपत्र दोघांकडेही नाही. काकांना त्याच्या साक्षीवरून कळत नाही की विश्वास खरा होता. सासूबाईंना त्याच्या दारूवरून कळत नाही की तो संपला होता. दोघांनी आपापल्या शिकवणीच्या पलीकडे पाऊल टाकलं, आणि तुम्ही मध्ये उभ्या होता.

चर्च सोडणं आणि ख्रिस्त सोडणं यात अंतर किती असतं, हे मंडळीच्या जागेपायी कोर्टाच्या तारखा मोजणाऱ्या आपल्या भागातल्या माणसांना मी वेगळं सांगायला नको. काही लोक चर्चमध्ये रोज असूनही कधीचे निघून गेलेले असतात. तुमचा भाऊ भांडणाला कंटाळला. मग त्याला दारू लागली, आणि दारू हा आजारही आहे. एकदा शरीर आणि मेंदू तिच्या ताब्यात गेले की आत विश्वास किती उरला हे बाहेरून कोणाला मोजता येत नाही. यानं त्याची चूक पुसली जात नाही. तुम्हीही ती पुसायचा प्रयत्न करू नका, नाहीतर भावाच्या जागी दुसराच कोणी उभा राहील.

आणि दवाखान्यातली ती खाट. त्यानं डॉक्टर मागितला असेल, पाणी मागितलं असेल, आणि त्यानं प्रभूची प्रार्थना मागितली. 'आमची ऋणे आम्हांस सोड' ही ओळ तिच्यात आहे. ते त्याला ठाऊक होतं, लहानपणापासून पाठ होतं. त्याचे ओठ कुठल्या ओळीवर हलले ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. त्यावरून तो प्रभूजवळ आहे असा दाखला मी लिहून देणार नाही. काकांना जो अधिकार नव्हता तो मला कुठून येणार? पण अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंत. आहे, खूप आहे. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराकडे ना बाप्तिस्मा होता, ना गायनवृंद, ना सुधारून दाखवायला उरलेला एक दिवस. त्यानं 'माझी आठवण कर' एवढं मागितलं आणि ते पुरलं. तुमच्या भावानं जे मागितलं ते त्या मागण्याच्या जवळचं आहे. तुम्ही आशा धरावी एवढं ते नक्कीच आहे, आणि ती आशा कोणाच्याही वादात जिंकायला वापरू नये एवढं ते खाजगी आहे. सासूबाईंना आजवर हे सांगितलं नसेल, तर सांगा. उत्तर म्हणून नको, बातमी म्हणून सांगा.

आता तुमच्या रात्रींबद्दल. मला खरी काळजी इथे आहे.

तारण जातं की नाही, असं तुम्ही विचारता. पण 'जात नाही' असं मी आत्ता पक्कं सिद्ध करून दिलं, तरी तुम्ही आज रात्री म्हणाल, बरं, पण मला ते मुळात मिळालंय का? तुमची भीती तिथे आहे, आणि तिला सिद्धांताचं औषध लागू पडत नाही. विल्यम कूपर नावाचा इंग्रज कवी होता (१७३१-१८००). त्याची भक्तिगीतं आजही जगभर गातात. विश्वास काकांसारखाच, देवानं धरलेला सुटत नाही असा. १७७३ मध्ये त्याला मनाच्या आजाराचा मोठा झटका आला आणि त्याची खात्री पटली की देवानं सगळ्यांना धरलंय, फक्त मला टाकलंय. त्यानंतर मरेपर्यंत तो उपासनेला गेला नाही. म्हणजे शिकवण काकांची आणि भीती तुमची, एकाच माणसात. त्याचा पाळक आणि मित्र जॉन न्यूटन यानं त्याला वर्षभराहून जास्त स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. वाद घालून त्याला पटवता येणार नाही, हे न्यूटनला दिसत होतं. तो त्याचा सांभाळ करत राहिला आणि त्याच्याविषयीची आशा त्यानं सोडली नाही. चर्चला न जाणाऱ्या माणसाविषयी एका कॅल्विनवाद्यानं धरलेली आशा आहे ही, भावाच्या बाबतीतही उपयोगी पडावी.

तुमच्या आई-काकांची वेस्टमिन्स्टरची कबुली अठराव्या अध्यायात मान्य करते की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही मनाची खात्री मिळायला फार वाट पाहावी लागू शकते, आणि मिळालेली खात्री डळमळू शकते. उलट, तारण गमावता येतं म्हणणाऱ्या वेस्लीला २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमधल्या एका सभेत 'माझी पापं काढून टाकली' अशी आतून खात्री मिळाली आणि अशी खात्री मिळू शकते हे तो पुढे शिकवत राहिला. म्हणजे जात नाही म्हणणारे मान्य करतात की तुम्हाला ते जाणवणार नाही कदाचित. जातं म्हणणारे सांगतात की ते आजच जाणवू शकतं. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र कुठेच नाही. रोज रात्री नव्यानं स्वीकारायचं, हे कोणीच सांगितलेलं नाही.

गॅसचं बटण बंद केलं का म्हणून चारदा उठून पाहणाऱ्या माणसाची खात्री चौथ्या खेपेला वाढत नाही, कमी होते. तुमची ती प्रार्थना आता तशी झाली आहे. म्हणून माझा सल्ला ऐकायला विचित्र वाटेल. प्रार्थना सोडू नका, पण तीच एक प्रार्थना सोडा. रात्री प्रभूची प्रार्थना एकदाच म्हणा, आमेन म्हणा, दिवा घालवा. मन म्हणेल की नीट मनापासून झाली नाही, पुन्हा म्हण. म्हणू नका. पहिले काही दिवस अस्वस्थ वाटेल, ते वाटू द्या. पुढच्या कन्व्हेन्शनमध्ये हाक आली तर जागेवर बसून राहा. पुढे जाणं हे पाप नाही, पण तुमच्या बाबतीत ते उठून गॅस पाहणंच आहे.

आणि खरोखरीच गॅस, कुलूप, हात धुणं यांतही असंच होत असेल, किंवा झोप अशीच उडालेली राहिली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. हा विश्वासाचा कमकुवतपणा नाही, यावर उपचार आहेत. बेळगावात असे डॉक्टर आहेत. फोनवर बोलायचं असेल तर सरकारचा टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. पाळकसाहेबांनाही सांगा, पण डॉक्टरांच्या ऐवजी नको.

माझा स्वतःचा कल कोणीकडे, असं तुम्ही मनात विचारलंच असेल. मी मेथडिस्ट बाकांवर वाढलो, आणि तरी वय वाढतं तसा मी काकांच्या सिद्धांताच्या जवळ सरकतो आहे, काकांच्या मातीवरच्या वाक्याच्या नव्हे. शिष्य पेत्रानं प्रभूला नाकारण्याच्या आधीच प्रभू त्याला म्हणाला होता की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे (लूक २२). पेत्र टिकला तो पेत्राच्या पकडीमुळे टिकला नाही. पण इब्रीचे इशारे मला नुसते भीती घालणारेही वाटत नाहीत. देव माणसाला वाटेवर ठेवतो तो अशा इशाऱ्यांनीही ठेवतो. इशारा ऐकून जो घाबरतो, तो त्या इशाऱ्याचा रोख असलेला माणूस क्वचितच असतो. तुम्ही घाबरलात, आणि ज्यांना घाबरायला हवं ते शांत झोपले असतील.

मुलगा त्यातला आहे का? मला नाही वाटत. सोळा वर्षांचा मुलगा कुठलाही सिद्धांत मानत असला तरी रविवारी आपणहून उठत नाही, तेव्हा तुम्ही उठवत राहा. पण त्याच्या बोलण्यात आधी 'मामा' येतो, 'मी' नंतर. आजीनं मामाला नरकात धाडलं आणि हा त्याची वकिली करतोय, असं मला वाचताना वाटलं. 'कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं काय?' हा पौलाचा सवाल (रोम ६) त्याला कधीतरी वाचायला द्या, पण आत्ता नको. आत्ता त्याला मामाबद्दल बोलू द्या. तो मामाबरोबर कुठे जायचा, काय खायचा, ते विचारा.

सासूबाईंचं बोलणंही कदाचित तुमच्या भावाबद्दल नसेलच. जुन्या मेथडिस्ट घरांत दारूला किती कडवा विरोध असायचा तुम्हाला ठाऊक आहे. घरात वयात येणारा नातू आहे. मेलेल्या माणसाचं उदाहरण देऊन त्या जिवंत पोराला धाक घालत असतील. तसं असेल तर धाक ठीक, उदाहरण चुकलं. हे त्यांना पाळकसाहेबांनी सांगितलेलं बरं, सुनेनं सांगितलेलं जड जाईल.

वर्षाची प्रार्थना जरूर ठेवा. सासूबाईंचा 'नको' कदाचित वेगळ्या कारणानं असेल. आपल्या मंडळ्यांत मृतांसाठी मागणं करत नाहीत, आणि त्यांना वाटत असेल की तुम्हाला तसंच काही करायचं आहे. त्यांना सांगा की भावासाठी काही मागायचं नाही, तो दिला होता म्हणून आभार मानायचे आहेत आणि मागे राहिलेल्यांसाठी धीर मागायचा आहे. एवढ्याला त्या बहुधा हरकत घेणार नाहीत. स्तोत्र १०३ मुलाला वाचायला द्या, 'आपण केवळ माती आहोत हे तो आठवतो' ही ओळ त्यात आहे. भावाचं आवडतं गायनवृंदातलं गाणं म्हणा. त्याच्या दारूबद्दल कोणी खोटं बोलू नये, आणि तो आता कुठे आहे याबद्दल कोणी काहीच बोलू नये. वेस्ली आणि त्याचा कॅल्विनवादी सोबती व्हाइटफील्ड यांच्यात कॅल्विनच्या शिकवणीवरूनच फूट पडली होती. १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारला तेव्हा त्याच्या स्मरणाचं प्रवचन वेस्लीनंच केलं, आणि त्यात तो वाद उकरून काढला नाही.

काकांना मिरजेहून बोलवा, नाहीतर ते वर्षभर मनात ठेवतील. प्रवचन मात्र पाळकसाहेबांकडेच ठेवा, आणि आधी भेटून त्यांना घरातलं सगळं सांगा. काकांना शेवटची प्रार्थना द्या. ती लांबेल, चहा निवेल, पण डोळे मिटलेले असताना सासूबाईंना मध्येच काही बोलता येणार नाही.